ब्रोम मारायचं ते ऑक्टोबरात

"तणनाशक मारता आणि वर त्याला निसर्ग राखणं म्हणता?" मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहते आणि सुट्टीच्या दिवशी इथली मूळ प्रेअरी, म्हणजे गवताळ रान, पुन्हा उभी करणाऱ्यांसोबत राबते, हे कळलं की गावाकडून पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आयोवातल्या मूळ गवताळ रानाचा आज हजारातला एक हिस्साही उरलेला नाही. बहुतेक मका-सोयाबीनखाली गेलं. जिथे शेती सुटली, तिथे बऱ्याच ठिकाणी स्मूद ब्रोमनं बस्तान मांडलंय. १८८०च्या दशकात चाऱ्यासाठी बाहेरून आणलेलं हे गवत. स्वभाव आपल्या हरळीचा: नांगरलं की काशांचे तुकडे होतात आणि तुकडा तुकडा फुटतो. एवढ्या रानातून काशा वेचायला माणसं कुठून आणायची?

फवारणीचं सगळं गणित वेळेचं आहे. ऑक्टोबरात थंडीचे एक-दोन तडाखे बसले की इथलं देशी ब्लूस्टेम गवत तांबूस होऊन वाळतं, ब्रोम मात्र हिरवंगार असतं. ग्लायफोसेट हे तणनाशक आत शिरतं ते हिरव्या पानातून. त्या दिवसांत ब्रोम पानांतली साखर काशांकडे धाडत असतं, तिच्यासोबत औषधही खाली उतरतं. जिथे नुसतं ब्रोमच आहे, तिथे वसंतात दुसरा हात मारावा लागतो. कुठे मारून झालं ते कळावं म्हणून द्रावणात निळा रंग घालतात. हातमोजे असूनही संध्याकाळी मनगटं निळी होतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. मी आपली गमबूट आणि पूर्ण बाह्या घालते. (शेजारच्या मक्यावर दरसाल फवारतात, त्यांना कुणी काही विचारत नाही, ते असो.)

मात्र जुन्या दफनभूमीच्या किंवा रेल्वेच्या कडेला अस्सल प्रेअरीची पट्टी शिल्लक असेल, तर तिथे सरसकट फवारणीला माझा ठाम विरोध आहे. तिथे एकेक ठोंब हेरूनच मारावा.

बी आम्ही जानेवारीत, ओल्या भुशात कालवून फोकतो. ब्लूस्टेमचं बी लवदार, मोज्यांना चिकटून बसतं. कंपास प्लांट या रानफुलाचं चपटं, कडेला पातळ पापुद्रा असलेलं. जमीन रात्री गोठते, दुपारी सैल होते, त्यात बी आपसूक गाडलं जातं. थंडी खाल्ल्याशिवाय बरीच रानफुलं उगवतच नाहीत.

पहिल्या वर्षी कुणाला नेऊन दाखवायची सोय नसते. दिसतं ते तणच. देशी रोपं वर बोटभर, सगळा जोर मुळांवर. आम्ही तण छाटत राहतो. साधारण तिसऱ्या वर्षी ब्लूस्टेम डोक्याच्या वर जातं. आपल्या मारवेल-ज्वारीच्याच गोतातलं ते. पुढे मधून मधून ठरवून आग लावली जाते आणि फवारणीचा पंप कोपऱ्यापुरता उरतो.

"मग आमच्या माळावर मारू का?" नको. तिथे ब्रोम नाही. अतिचराई हे कारण असेल तर दोन पावसाळे रान राखून बघा. पवन्या-मारवेलचे ठोंब जिवंत असतील तर पंप भाड्यानं आणायचे पैसेही वाचतील.