तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेटलेटचा आकडा कळला, मग अजून काय बघता?

दिवाळीला अमळनेरला गेलो की ओट्यावर हा प्रश्न ठरलेला. डेंग्यूने घरोघरी प्लेटलेटचे आकडे पाठ करून ठेवलेत. "काउंट तर मशीन सांगस, मंग तू तठे दिवसभर काय करस?" काकू विचारते.

काउंट म्हणजे हजेरीपट. नावं किती ते कळतं. कामाला कोण लागलंय ते कळत नाही. मी ते बघतो, फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेणाऱ्या मशीनवर.

निवांत प्लेटलेट बशीसारखी चपटी, जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची. तिच्या पोटातल्या बारीक पिशव्यांच्या पडद्यात पी-सिलेक्टिन हे प्रथिन असतं. आम्ही त्याला सीडी ६२पी म्हणतो. प्लेटलेट चेतली, म्हणजे रक्त थांबवायच्या कामाला लागली, की पिशव्या बाहेरच्या आवरणाला येऊन मिळतात आणि ते प्रथिन उघड्यावर येतं. काकूला गोधडीवरून सांगितलं: पेटीत आहे तोवर गल्लीतून दिसत नाही, गच्चीच्या कठड्यावर टाकली की दिसते. आमची अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू, गल्लीतूनच फिरते. तिला पीई नावाचा रंग जोडलेला असतो. पेशी एकामागून एक ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरसमोरून जातात. जिच्यावर अँटिबॉडी बसली ती नारिंगी चमकते.

दुसरी अँटिबॉडी पॅक-१. तिचं ठिकाण, म्हणजे गुठळी घडवणारं फायब्रिनोजेन धरणारी टूबी-थ्रीए ही प्रथिनांची जोडी, प्लेटलेटवर कायमच असतं. पण प्लेटलेट चेतून त्याचा आकार उघडला, तरच पॅक-१ बसते.

खरी कटकट मशीनच्या आधीची. प्लेटलेट फार हळव्या. सुई दोनदा टोचली, नळी जोरात हलवली, की चेतल्याच. म्हणून पहिलं दोन-तीन मिली रक्त बाजूला काढायचं आणि पुढचं निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत घ्यायचं. जांभळ्या झाकणाची चालत नाही. त्यातलं ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय पॅक-१ बसत नाही. एकदा ऐन मे महिन्यात कुणीतरी काळजीपोटी नमुना बर्फात घालून पाठवला. एडीपी, म्हणजे प्लेटलेट मुद्दाम चेतवायचं रसायन, न घातलेली नळीसुद्धा लखलखली! थंडीनेही प्लेटलेट बिथरतात. ते रक्त फेकलं आणि पुन्हा मागवलं. पाठवणाऱ्यांना अर्थातच राग आला.

"मंग डेंग्यूमा हाई करनं पडस का?" नाही, काकू. तिथे काउंट, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि डॉक्टरांची नजर. ही तपासणी बरीचशी संशोधनात लागते, नाहीतर एखाद्या पोराचा घोळणा सारखा फुटतो, हिरड्यांतून रक्त येतं आणि काउंट मात्र अडीच लाख, म्हणजे अगदी नॉर्मल, अशा वेळी. ग्लान्झमन नावाच्या जन्मजात आजारात टूबी-थ्रीएच नसतं किंवा फार कमी असतं. एडीपी घातलं तर पी-सिलेक्टिन बाहेर येतं, पॅक-१ मात्र बसायला जागाच नाही. सीडी ६१ हे प्रथिन टूबी-थ्रीए याच जोडीचा भाग, त्यामुळे त्याच्यावरून प्लेटलेट ओळखायला गेलं तर त्या पोराच्या प्लेटलेट पडद्यावर सापडतच नाहीत. मग प्लेटलेटवरच्या सीडी ४२बी या दुसऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी लावायची, की सगळ्या जागेवर दिसतात.