रविवारी स्लॅब टाकू नका

सरकारी कामाचा स्लॅब रविवारी टाकू नका. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. माझं शेवटचं बिल त्या एका रविवारपायी चार महिने लटकलं. अजून त्या बिलाच्या टेबलाचा विषय निघाला की डोकं सणकतं.

मी 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता'. ही शिवी नाही, शासनाच्या नोंदणीतला प्रकार आहे. छोटी सरकारी कामं आम्हाला, मजूर संस्थांना आणि खुल्या ठेकेदारांना ठरावीक वाट्याने वाटली जातात. त्यात चिठ्ठी निघाली आणि मला शाळेच्या दोन वर्गखोल्या मिळाल्या. करारनामा, कार्यारंभ आदेश, पाया, भिंती सगळं सुरळीत झालं.

स्लॅब रविवारी टाकला, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी. पोरं मध्ये येणार नाहीत, मिक्सरच्या आवाजाने गुरुजी वैतागणार नाहीत. शाखा अभियंता साहेब समोर उभे होते. त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे सहा क्यूब भरले, म्हणजे प्रयोगशाळेत दाबून फोडायचे आणि ताकद मोजायचे ठोकळे: तीन सात दिवसांनी फोडायला आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी. मी स्वतःवर खूश.

आता ७ आणि २८ हे दोन्ही आकडे सातच्या पाढ्यातले. म्हणजे ज्या वारी स्लॅब, त्याच वारी क्यूब फोडायचे. चार वर्षं सिव्हिल शिकलो, पण हे काही डोक्यात आलं नाही. प्रयोगशाळा सरकारी कॉलेजातली, शनिवार-रविवार बंद. सोमवारी नेमकी सुट्टी आली. मंगळवारी क्यूब फुटले, ताकद उत्तम निघाली, आणि अहवालात वयाच्या रकान्यात छापून आलं: ३० दिवस.

बिलाच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी बोट त्या रकान्यावरच ठेवलं. "इथं अठ्ठावीस पाहिजे."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, दोन दिवसांनी काँक्रीट काय पातळ होतं का?"

"ते मला नका सांगू. तुम्ही इंजिनियर, मी कारकून. मला अठ्ठावीस दाखवा."

इथे माझी जीभ नको तेवढी चालली. मी वर तक्रार केली, फाइल गुणनियंत्रणाच्या टेबलावर गेली. तिथल्या साहेबांनी ३० दिवसांचा मुद्दा दोन मिनिटांत निकाली काढला. मग पानं उलटली आणि विचारलं, "स्लॅबचं काँक्रीट १९ घनमीटर, आणि नमुना एकच?"

मी म्हटलं, तीन आहेत की. तीन क्यूब.

ते हसले. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने सांगितलेत. आणि नमुना म्हणजे क्यूब नव्हे, तीन क्यूब मिळून एक नमुना. म्हणजे २८ दिवसांचेच नऊ क्यूब हवे होते. सात दिवसांचे वेगळे. मी तीनच दिले होते. भाऊसाहेबांशी भांडलो नसतो तर कदाचित हे कुणी पाहिलंही नसतं. चूक माझीच, पण तेव्हा राग भाऊसाहेबांचाच आला.

एक जुना ठेकेदार म्हणाला, "नऊ काय, नव्वद आणून देतो." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण फाइलवर 'नमुना एक' असा शेरा पडला होता, आता नवे क्यूब दाखवले असते तर फसलोच असतो. (क्यूब ओला असतानाच खिळ्याने तारीख आणि जागा कोरा. खडूने लिहिलेलं पाण्याच्या टाकीत पुसून जातं.)

उरला कोअर काढण्याचा मार्ग, म्हणजे तयार काँक्रीटमधून गोल तुकडा कापून त्याची ताकद तपासायची. स्वतःच्याच स्लॅबला भोकं. त्यासाठी प्रयोगशाळेला कार्यालयाचं पत्र लागतं, आणि खरी रडकथा ती. अर्ज दिला, पण आवक क्रमांक घेतला नाही, त्यामुळे आठवडाभराने "अर्ज आलाच नाही". पुन्हा दिला. मग साहेब दौऱ्यावर. मग मार्च अखेर, त्या काळात तर दारात उभं राहायलाही जागा नाही. शेवटी पत्र निघालं तर कामाच्या नावात 'वर्गखोल्या'च्या जागी 'वर्गखोली'. मी म्हटलं चालेल. प्रयोगशाळेत म्हणाले, चालेल, पण अहवाल एकाच खोलीचा येईल. परत फिरलो. कार्यारंभ आदेशात कामाचं नाव जसं आहे तसं, काना-मात्रेसह, प्रत्येक कागदावर आहे का ते जागेवरच वाचून घ्या. एका 'ल्या'साठी मी अकरा दिवस आणि चार वेळा एसटी मोजली.

कोअर काढायला मात्र एक दुपार पुरली. आधी यंत्राने सळई कुठे आहे ते पाहून खुणा केल्या, मग ७५ मिलिमीटर व्यासाचे तीन तुकडे काढले. नियम असा की तिन्हींची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. माझं काँक्रीट एम-२०, म्हणजे ठरलेली ताकद दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन; त्याला १७ आणि १५. माझी सरासरी २१ च्या वर आली. सगळा खर्च माझ्या खिशातून गेला, तरी तो अहवाल मी लॅमिनेट करून ठेवलाय. बायको हसते.

भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने (भरायच्या सिमेंटी मिश्रणाने) भरली, वरून पाणीरोधक लेप दिला. खालून तीन गोल डाग दिसतात. दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तिथून पाऊस येणार का?" नाही येणार, म्हटलं. आलाच तर दोषदायित्वाचा कालावधी (ज्यात दोष निघाला तर दुरुस्ती माझ्याकडे) संपेपर्यंत माझी सुरक्षा अनामत तिकडेच आहे.

बिल घ्यायला गेलो तेव्हा भाऊसाहेबांनी चहा मागवला. प्यायलो.

पुढचं काम अंगणवाडीचं आहे. स्लॅब बुधवारी. कॅलेंडरवर पुढचे चार बुधवार तपासलेत, सुट्टी एकही नाही. क्यूबचे साचे बारा आणलेत.