डेलियाची जानेवारी नोंद: कॅक्टस म्हणून आणलेला सेमी-कॅक्टस निघाला

पुण्यातली गच्ची, बारा इंची चौदा कुंड्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कलमं लावली होती. अकरा कुंड्या फुलल्या, दोन कळीवर आहेत, एक डिसेंबरात बुडाशी कुजून गेली.

सगळ्यात जास्त वेळ पिवळ्यापाशी गेला. नर्सरीतून ‘कॅक्टस’ (डेलियाचा टोकदार, वळलेल्या पाकळ्यांचा प्रकार) म्हणून आणलेला. पहिलं फूल पूर्ण उमललं तशी एक पाकळी काढून पट्टीवर ठेवली. कडा मागच्या बाजूला वळल्यात खऱ्या, पण फक्त टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात. बुडाशी पाकळी चांगली रुंद आणि सपाट. म्हणजे हा सेमी-कॅक्टस. कॅक्टसमध्ये पाकळी निम्म्याहून जास्त लांबीपर्यंत मागे वळून नळीसारखी होते. मात्र अर्धवट उमललेल्या फुलावरून ठरवू नका. मागच्या वर्षी मी तीच चूक केली आणि वर्षभर वहीत चुकीचं नाव राहिलं.

या वळलेल्या पाकळीचं मूळ मला फार आवडतं. 1872 मध्ये मेक्सिकोहून हॉलंडला कंदांची पेटी गेली, त्यातला एकच कंद जगला, आणि त्याला टोकदार, वळलेल्या पाकळ्यांची लाल फुलं आली. नाव ठेवलं ‘हुआरेझी’. कॅक्टस प्रकाराची सुरुवात त्या एका कंदातून झाली.

जांभळा पॉम्पॉन (लहान, चेंडूसारख्या फुलाचा प्रकार) अगदी उलट. त्याच्या पाकळ्यांच्या कडा आत वळतात, तेही पूर्ण लांबीभर, त्यामुळे मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं दिसतात. माझं फूल साडेचार सेंटीमीटर भरलं. पाच सेंटीमीटरच्या वर गेलं असतं तर ते बॉल प्रकारात धरावं लागलं असतं. पॉम्पॉनच्या बाजूच्या कळ्या मी खुडत नाही. मोठ्या डेकोरेटिव्हच्या (रुंद, सपाट पाकळ्यांचा प्रकार) मात्र मधली ठेवून शेजारच्या दोन्ही वाटाण्याएवढ्या असतानाच काढल्या. यंदा फूल 21 सेंटीमीटरचं झालं, माझ्याकडचं आजवरचं सर्वांत मोठं! देठ पोकळ असल्यामुळे काठी लागतेच, तीही लावणीच्या वेळीच रोवा. नंतर खुपसली की कंदात घुसते.

कॉलरेटचं (एकेरी फुलात मधोमध आखूड पाकळ्यांचं कडं असलेला प्रकार) मागच्या हंगामातलं बी पेरलं होतं. सहा रोपांपैकी चार साधी एकेरी निघाली, एक अर्धवट दुहेरी, आणि एकाच रोपाला ती मधली आखूड पाकळ्यांची कॉलर आली. डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणून बियांतून आईसारखं मूल क्वचितच मिळतं. जात जपायची तर कंद किंवा कलम. पण गच्चीवर मधमाश्या येतात त्या या एकेऱ्या आणि कॉलरेटवरच, तेव्हा सहाही ठेवणार.

भुरी (पांढरी बुरशी) खालच्या पानांवर दिसली. ती पानं काढली, संध्याकाळचं पाणी बंद केलं, आता फक्त सकाळी.

फुलं संपायच्या आत प्रत्येक बुंध्याला नावाची पट्टी बांधणार आहे, कारण पानं वाळली की सगळे कंद सारखेच दिसतात. कंद वेगळे करताना मानेशी खोडाचा तुकडा राहू द्यायचा. डोळा तिथेच असतो, नुसता जाडजूड कंद फुटत नाही. आणि जूनच्या आत सगळ्या कुंड्या जिन्याखाली. मागच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेले तीन कंद चिखल होऊन गेले, त्यात माझा एकमेव पांढरा वॉटरलिली प्रकारचा डेलियाही होता. तो कुणाकडे असेल तर सप्टेंबरात एक कलम हवंय, बदल्यात पिवळा सेमी-कॅक्टस देईन.