तुम्ही विचारलंत म्हणून : पॅसेजमधला काता

रविवारी सकाळी क्लास सुटल्यावर शाळेच्या फाटकापाशी मुलांना न्यायला आलेल्या आया मला थांबवतात, बँकेत जेवणाच्या सुट्टीत नव्याने रुजू झालेल्या मुली विचारतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : नोकरी, घर आणि कराटे, हे सगळे तुम्ही कसे सांभाळता? उभ्या उभ्या मी आजवर 'जमते कसेबसे' एवढेच उत्तर देत आले. ते खोटे नाही, पण विचारणाऱ्या बाईला स्वतः सुरुवात करायची असेल तर त्या उत्तराचा तिला काहीच उपयोग नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी डोंबिवलीत राहते आणि फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मुलाला क्लासला सोडता-आणता, मी शोतोकान शैलीचे कराटे शिकू लागले. त्याला आता अकरा वर्षे झाली. क्लास महापालिकेच्या एका शाळेच्या सभागृहात मंगळवारी आणि गुरुवारी साडेसात ते नऊ आणि रविवारी सकाळी सात ते नऊ असतो, म्हणजे आठवड्याला पाच तास. याउलट घरापासून बँकेपर्यंत जाण्या-येण्यात माझे रोजचे जवळजवळ तीन तास जातात. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली, तेव्हा पहिल्यांदा मला रविवारचा क्लास न धापा टाकता करता आला, कारण आठवड्याचे धुणे, दळण आणि बाजार शनिवारी उरकू लागले. कॅलेंडरमधल्या एवढ्याशा बदलाने माझ्या सरावाला जितका हातभार लावला तितका कोणत्याही निश्चयाने लावलेला नाही.

'इच्छा असली की वेळ मिळतोच' हे वाक्य मी कोणालाही ऐकवत नाही. ते ऐकले की मला आमच्या क्लासमध्ये चार महिने येऊन थांबलेली एक जण आठवते. तिची इच्छा माझ्यापेक्षा कमी नव्हती. तिच्या घरी संध्याकाळी साडेसातला कुकर लावणारे दुसरे कोणी नव्हते, एवढाच फरक होता. माझ्या घरीही सुरुवातीला नव्हते. पहिले वर्षभर मी मंगळवारी आणि गुरुवारी पहाटेच पोळ्या करून ठेवत असे, संध्याकाळी लोकलमधून उतरून थेट क्लासला जात असे, आणि साडेनऊला घरी येऊन ओटा आवरत असे. वर्षाच्या शेवटी एका रात्री मी ओट्यापाशी उभी राहून रडले आणि नवऱ्याशी कडाक्याचे भांडण झाले. त्या भांडणातून जे ठरले ते आजतागायत चालू आहे : त्या दोन संध्याकाळी स्वयंपाक आणि मागचे सगळे आवरणे त्यांच्याकडे, आणि बुधवारी त्यांची भजनाची बैठक असते तेव्हा सगळे माझ्याकडे. तेव्हा जी बाई मला विचारते तिला मी आधी हेच विचारते की तुझा तो दीड तास घरात कोण उचलणार आहे, आणि त्या माणसाशी तू तसे स्पष्ट बोलली आहेस का. हे बोलणे अवघड असते, पहिल्या बेल्टच्या परीक्षेपेक्षा नक्कीच अवघड, पण ते टाळून सुरू केलेला सराव फार दिवस टिकलेला मी पाहिलेला नाही.

कामाच्या बाबतीत मी एक मोठी चूक केली, तीही सांगते. सहामाही अखेरचे दिवस होते, सलग तीन रात्री जेमतेम चार-चार तास झोप झाली होती, तरी 'खंड पडू नये' या हट्टाने मी गुरुवारी क्लासला गेले आणि कुमितेला, म्हणजे जोडीदाराशी समोरासमोर करायच्या लढतीला, उभी राहिले. समोरच्या मुलाचा पाय मला दिसला, पण हात उशिरा गेला आणि गेला तोही उघड्या बोटांनी. डाव्या हाताची अनामिका मोडली. तीन आठवडे बोटाला पट्टी होती, आणि त्या तीन आठवड्यांत माझ्या टेबलावरचे अर्धे काम शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी केले. त्यांनी एका शब्दानेही बोलून दाखवले नाही, म्हणूनच मला ते अधिक लागले. त्यानंतर मी सरांना सांगून टाकले की आदल्या रात्री सहा तास झोप झाली नसेल त्या दिवशी मी फक्त किहोन आणि काता, म्हणजे समोर कोणी नसताना एकटीने करायचा सराव, करीन, आणि मार्चअखेरच्या पंधरवड्यात कुमितेला अजिबात उभी राहणार नाही. सरांनी ते लगेच मान्य केले. शिकवणारा असे मान्य करत नसेल तर क्लास बदलावा, असे माझे मत आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे येते. माझ्या कराटेची सहावी, सातवी आणि निम्मी आठवी वर्षे क्लासशिवाय गेली. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. दिवसा ब्यूरोच्या मावशी येत, संध्याकाळी सातला त्या गेल्या की रात्र आमची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तेव्हा रात्रीच्या पाळ्या मी आणि नवऱ्याने वाटून घेतल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, रविवार, काहीच शक्य नव्हते. मी सरांकडे जाऊन क्लास सोडत असल्याचे सांगितले. त्यांनी समजूत घातली नाही. फक्त विचारले, "घरात पॅसेज आहे का? किती लांब आहे?" मी म्हटले, दहा-अकरा फूट असेल, रुंदी तीन फूट. "मग तेक्की शोदान करा. तेवढाच करा," ते म्हणाले.

ज्यांना कराटेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या बचावांची आणि प्रहारांची मालिका. आमच्या बहुतेक कात्यांत पुढे, मागे, वळून, तिरपे असे फिरावे लागते आणि त्याला एखादी खोली तरी मोकळी लागते. तेक्की शोदान एकाच सरळ रेषेत होतो, आणि तोही पूर्णपणे बाजूला सरकत. एका भिंतीकडे पाठ करून दुसरीकडे तोंड करायचे, पाय खांद्यांच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर फाकवून घोड्यावर बसल्यासारखे किबा-दाचीत बसायचे, आणि एक पाय दुसऱ्यावरून ओलांडून आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे जायचे. शिकवताना एकोणतीस मोजण्यांत तो शिकवतात, आणि सलग केला तर मिनिटभराच्या आत संपतो. आमच्याकडे ब्राउन बेल्टच्या परीक्षेला तो लागतो. मी तेव्हा पर्पल बेल्टवर होते आणि तो नुकता कुठे पाठ झाला होता.

पहाटे पाचला सासूबाईंची कूस बदलायची, त्यांना दोन घोट पाणी द्यायचे, आणि त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये उभे राहायचे. रोज तीन काते : पहिला सावकाश, दुसरा जोराने, तिसरा पुन्हा सावकाश. एकूण पाच-सात मिनिटे. आठवड्याच्या पाच तासांपुढे हे काहीच नाही, असे मलाही पहिले दोन-तीन महिने वाटत होते. पण रोज एकच गोष्ट केली की तिच्यातले बारकावे आपोआप पुढे येऊ लागतात. क्लासमध्ये सर नेहमी ओरडत की गुडघे आत पडू देऊ नका, बाहेर ढकला, पावले समांतर ठेवा. पॅसेजमध्ये कोणी ओरडणारे नव्हते, तेव्हा मी फरशीच्या सांध्यांवर पावलाची बाहेरची कड ठेवू लागले आणि मला दिसले की ओलांडून पाऊल टाकल्यावर माझा डावा पाय दर वेळी बोटभर बाहेर वळतो. ते सरळ करायला मला जवळजवळ पाच महिने लागले. त्या दिवसांत लोकलमध्ये दांडीला न लोंबकळता गुडघे किंचित वाकवून मांड्यांवर भार घेऊन उभे राहायची सवय लागली, आणि दिवसभर खुर्चीत बसून आखडणारी कंबर त्या वर्षांत मला सर्वांत कमी दुखली.

अडचण होती ती आवाजाची. या कात्यात पाय उचलून जमिनीवर जोराने हाणायचा असतो, आणि दोन ठिकाणी किआय, म्हणजे पोटातून जोराची आरोळी, द्यायचा असतो. पहाटे पाचला तीन फुटांच्या पॅसेजमध्ये, आजारी माणसाच्या दाराशी आणि खालच्या मजल्यावर लहान बाळ असताना, दोन्ही अशक्य. किआयच्या जागी मी नुसता श्वास पोटातून बाहेर सोडू लागले. पाय मात्र पूर्ण वेगाने खाली आणून शेवटच्या क्षणी आवाज न करता टेकवणे हे आपटण्याहून कितीतरी कठीण निघाले. त्यासाठी कंबर आधी खाली जावी लागते आणि मांडीने वेग धरावा लागतो. मला वाटत होते की आत काहीच ऐकू जात नसेल. एक दिवस रात्रपाळीने इतकी थकले होते की दुसऱ्या कात्याच्या मध्यावरच थांबले आणि चहा ठेवायला गेले. चहा घेऊन आत गेल्यावर सासूबाई त्यांच्या जड झालेल्या जिभेने म्हणाल्या, "आज अर्ध्यावरच सोडलंस गं?" त्या रोज ऐकत होत्या. मी कप ठेवला, बाहेर गेले आणि राहिलेला दीड काता पूर्ण केला.

शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांचे आयुष्य मी त्याच काळात वाचले. ते १८६८ साली ओकिनावातल्या शुरी इथे जन्मले आणि तिथेच शाळामास्तर झाले. दिवसभर मुलांना शिकवून ते रात्री आपले गुरू आझातो यांच्या घरी जात आणि परसात एकच काता आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने करत. पहाटे परतताना पाहून शेजाऱ्यांनी त्यांच्या वागण्याविषयी भलतेच तर्क केले होते, असे त्यांनी आत्मकथनात लिहून ठेवले आहे. १९२२ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, ते टोकियोला गेले तेव्हा एका वसतिगृहात राहून तिथली साफसफाई, राखण आणि बागकाम करत आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवत. आणि तेक्कीच्या तीन कात्यांवर त्यांनी दहा वर्षे घालवली होती. हे वाचल्यावर पॅसेजमधल्या कात्याला मी मनात 'तात्पुरती सोय' म्हणणे बंद केले.

म्हणून मला विचाराल तर, सराव रोज सारखा असावा हा आग्रहच सोडा. माझा सराव पाच तासांचा होता, मग आठवड्याला पाऊण तासाचा झाला, मग पुन्हा पाच तासांचा झाला. मार्चमध्ये तो अजूनही आक्रसतो. त्या दिवसांसाठी आपल्या घरात मावेल, आवाज न करता होईल आणि दहा मिनिटांत संपेल असा एक तुकडा सरांकडून आधीच मागून घ्या, आणि तो निवडताना सरांना आपल्या घराची मापे खरी सांगा.

सासूबाई गेल्या त्याला आता साडेतीन वर्षे झाली. तेराव्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी नवऱ्यानेच माझी बॅग दारात आणून ठेवली. पुढच्या परीक्षेत मी ब्राउन बेल्ट झाले. परीक्षकांनी माझा तेक्की शोदान पाहून पायांची ठेवण चांगली असल्याचे सांगितले आणि पाय आपटताना जोर हवा, आवाज यायला हवा, असा शेरा दिला. शेरा बरोबर होता. शाळेच्या सभागृहात मला आता हवा तेवढा आवाज करता येतो, सरही दर वेळी "जोरात" असे सांगतात, आणि पहिल्या एक-दोन वेळा पाय वाजतोही. पण लक्ष जरा कात्यात गेले की तो पुन्हा पहाटे पाचच्या पॅसेजमध्ये टेकावा तसाच टेकतो. गेल्या गुरुवारीही तसेच झाले. या मंगळवारी सर मला एकटीला पुढे घेऊन फक्त तेवढेच पाऊल करवून घेणार आहेत.