बलून ड्रायव्हरचा पॅच वाचताना

व्हर्च्युअल मशीनच्या मेमरी व्यवस्थापनाशी संबंधित कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ड्रायव्हरचा पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, रिव्ह्यूसाठी समोर आला की मी आधी एकच प्रश्न घेऊन बसतो: या ओळीवर हे पेज, म्हणजे मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा, कोणाच्या ताब्यात आहे? गेस्टच्या (व्हर्च्युअल मशीनच्या), होस्टच्या (ते चालवणाऱ्या मूळ यंत्राच्या), की एकाने सोडले आहे आणि दुसऱ्याने अजून घेतलेले नाही? नावे, शैली, कॉमेंट हे सारे नंतर पाहता येते. या प्रश्नाचे उत्तर एखाद्या ओळीवर जरी धूसर राहिले, तरी पॅचला मंजुरी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

बलूनची मूळ कल्पना साधी आहे. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरमधील हे तंत्र कार्ल वॉल्ड्स्पर्गर यांनी 2002 च्या शोधनिबंधात सविस्तर मांडले. गेस्टमधला ड्रायव्हर गेस्टच्याच कर्नलकडून पेजेस मागून घेतो, ती इतर कोणालाही वापरू देत नाही आणि त्यांचे क्रमांक होस्टला कळवतो. मग होस्ट त्यांच्यामागची खरी मेमरी काढून दुसऱ्या मशीनला देऊ शकतो. लिनक्समधील व्हर्टआयओ (गेस्ट आणि होस्ट यांच्यातील संवादाचे प्रमाण) बलून ड्रायव्हर हे क्रमांक एका वेळी जास्तीत जास्त 256 असे पाठवतो आणि प्रत्येक क्रमांक 4 किबीच्या (1 किबी म्हणजे 1024 बाइट) तुकड्याचा असतो, म्हणजे एका खेपेत फार तर 1 मिबी (1024 किबी) मेमरी हलते. इतक्या लहान खेपा पाहिल्या की वेग वाढवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि असे पॅच डोळ्यांत तेल घालून वाचावे लागतात.

समजा, एखाद्या पॅचने क्रमांक पाठवल्यानंतर होस्टच्या पोचपावतीसाठी थांबणे काढून टाकले. चाचणीत सर्व सुरळीत दिसेल, आकडेही सुधारतील. परंतु क्रमांक क्यूमध्ये (होस्टकडे जाणाऱ्या रांगेत) पडून असतानाच बलून लहान करण्याची आज्ञा आली, ड्रायव्हरने तेच पेज कर्नलला परत केले, कर्नलने ते एखाद्या फाइलच्या कॅशसाठी दिले आणि त्यात नवा मजकूर लिहिला गेला, तर त्यानंतर होस्ट जुनी विनंती हाती घेतो आणि ते पेज टाकून देतो. होस्टने गेस्टमागे ठेवलेली मेमरी नेहमीप्रमाणे ॲनॉनिमस, म्हणजे होस्टवरील कोणत्याही फाइलशी न जोडलेली असेल, तर पुढचे वाचन शून्ये परत करते. कर्नल कोसळत नाही, लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही, फक्त कोणाचा तरी डेटा नाहीसा झालेला असतो. म्हणूनच परतीच्या वाटेवरही ड्रायव्हर आधी होस्टला कळवतो आणि मगच पेजेस मोकळी करतो. हा क्रम बदलणारा पॅच कितीही नेटका असला तरी मी तो तिथेच थांबवतो.

लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या कुलुपाची, बाजूही तितकीच नाजूक आहे. 2017 मध्ये या ड्रायव्हरमधील एक डेडलॉक (लॉकची वाट पाहत कायमचे अडकणे) दुरुस्त झाला, तो प्रत्येक रिव्ह्यूअरने समजून घ्यावा असा आहे. बलून फुगवताना ड्रायव्हर स्वतःचे लॉक धरून पेजेस मागत असे. मेमरी संपत आली की, ती सोय सुरू असेल तर, कर्नल याच ड्रायव्हरला बलूनमधील काही पेजेस सोडण्यास सांगतो, आणि ती सोडण्यासाठी तेच लॉक लागते. दुरुस्तीत पेजेस मागण्याचे काम लॉकच्या बाहेर नेले गेले आणि ती बलूनमध्ये नोंदवण्याचे काम तेवढे लॉकच्या आत ठेवले गेले. तेव्हापासून मेमरी मागणारी कोणतीही हाक दिसली की त्या क्षणी कोणकोणती लॉक हाती आहेत, हे मी कागदावर लिहून काढतो. त्या हाकेबरोबरचे फ्लॅगही तपासतो: बलूनने राखीव साठ्याला हात लावू नये आणि पेज मिळाले नाही तर हट्टाने पुन्हा पुन्हा मागू नये. सध्याचा ड्रायव्हर अशा वेळी 200 मिलिसेकंद थांबतो. ते थांबणे उगाच आहे असे समजून कोणी काढू पाहील, तर त्यामागचे कारण शांतपणे समजावून सांगावे.

पेजचा आकार हा विषय चटकन नजरेतून सुटतो. बलून किती मोठा हवा हे होस्टचे लक्ष्य 4 किबीच्या एककात येते, परंतु 64 किबी पेजेसच्या गेस्टमध्ये एका पेजमागे असे 16 तुकडे असतात. लक्ष्य 1000 असेल तर 62 पेजेस म्हणजे 992 कमी पडतात आणि 63 म्हणजे 1008 जास्त होतात. लक्ष्य वरच्या पूर्ण पटीत बसवून घेतले नाही, तर ड्रायव्हर एक पेज घेत आणि सोडत अखंड फिरत राहील. लिनक्समध्ये ही काळजी घेतलेली आहे, पण नव्या पॅचने तो हिशेब दुसरीकडे पुन्हा मांडला असेल तर तिथेही ती घेतली आहे का, हे पाहावेच लागते.

हिशेबाचा आणखी एक मुद्दा आहे. मेमरी संपत आल्यावर बलून स्वतःहून पेजेस परत देणार नसेल, तर आत गेलेले प्रत्येक पेज झोनच्या (कर्नलने पाडलेल्या मेमरीच्या विभागाच्या) एकूण मोजणीतून वजा होते आणि बाहेर येताना पुन्हा मिळवले जाते. बलूनमधील पेज कॉम्पॅक्शनमुळे (मोकळी मेमरी सलग करण्यासाठी पेजेस हलवल्यामुळे) एका झोनमधून दुसऱ्यात गेले, तर दोन्ही झोनचे आकडे बदलायला हवेत. ही उणीव 2019 मध्ये भरून काढली गेली.

ड्रायव्हर काढून टाकण्याची वाट मी शेवटी वाचतो, पण सर्वांत सावकाश. आधी नवे काम स्वीकारणे बंद करायचे, चालू काम संपेपर्यंत थांबायचे, पेजेस परत करायची, मग डिव्हाइस रीसेट करायचे आणि त्यानंतरच क्यू मोडायच्या. लेखकाकडे मी चाचणीही याच क्रमाला ताण देणारी मागतो: मेमरी मुद्दाम तुटपुंजी असलेला गेस्ट, लॉकडेप (लॉकच्या क्रमातील चुका पकडणारे कर्नलचे साधन) सुरू, लक्ष्य सतत वरखाली होत असलेले, आणि बलून फुगत असतानाच ड्रायव्हर उतरवलेला.