वारा शिरलाय

इंडोनेशियातल्या जोग्याकार्तात (इथले लोक नुसतं जोग्जा म्हणतात) येऊन आम्हाला तीन वर्षं होत आली. घरमालकीणबाई शेजारच्याच घरात राहतात. त्यांना मी 'इबू' म्हणते, म्हणजे आई. पहिल्या महिन्यात त्यांच्या तोंडून सारखा ऐकलेला शब्द म्हणजे 'मासुक आंगिन'. वारा शिरला. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही, कशात जीव लागत नाही, कारण एकच. मग पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेने लालभडक पट्टे उठेपर्यंत घासायचं. याला करोकान म्हणतात. ते पट्टे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, बाईला कुणी चाबकाने मारलंय.

मानसिक आरोग्याला इथे 'कसेहातान जिवा' म्हणतात. जिवा म्हणजे आपलाच जीव. 2014 साली त्याच नावाचा कायदाही झाला. पण 'साकित जिवा' हा शब्द काढा, समोरचा माणूस दचकतो. वेड्यांच्या इस्पितळाच्या पाटीवर तो असतो ना. वारा काय, कुणाच्याही अंगात शिरतो.

मुलगी सातवीत गेली तेव्हा दुसरी बाजू दिसली. सकाळी शाळेच्या दारात शिक्षक उभे असतात, मुलं त्यांचा हात कपाळाला लावून आत जातात. वर्ग झाडायच्या पाळ्या मुलांच्याच. हे मला मनापासून आवडलं. भिंतीवर पाच मूल्यांचा तक्ता आहे: धर्मनिष्ठा, राष्ट्रप्रेम, स्वावलंबन, गोतोंग रोयोंग म्हणजे सगळ्यांनी मिळून हात लावणं, आणि सचोटी. ती शिक्षण खात्याच्या चारित्र्यशिक्षण कार्यक्रमातली. लेकीने आठवड्यात पाठ केली.

मग गेल्या पावसाळ्यात तिच्या मैत्रिणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. समुपदेशक बाईंना भेट म्हटलं तर म्हणाली, "आई, तिकडे शिक्षा झालेली मुलं जातात." शेवटी मीच वर्गशिक्षकांकडे गेले. ते फार गोड बोलले. म्हणाले, 'तेपो स्लिरो' ठेवायला हवा, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला हवं. वर्गात 'रुकुन', सलोखा, राहायला हवा. मी हो हो करत बाहेर आले आणि स्कूटरपाशी येईपर्यंत संतापले. माझ्या मुलीच्या जागी कोण उभं राहणार? सलोख्याचा सगळा भार ज्याला लागलंय त्यानेच का उचलायचा?

इंडोनेशियाचे शिक्षणतज्ज्ञ की हाजार देवांतारा यांनी 1922 मध्ये याच शहरात तामान सिस्वा या शिक्षणचळवळीची पहिली शाळा काढली. डचांनी हद्दपार करून हॉलंडला धाडलेला हा माणूस. गुरूने पुढे राहून उदाहरण घालून द्यावं, मधे राहून उमेद जागवावी, मागे राहून बळ द्यावं, असं ते सांगत. त्यातलं शेवटचं, 'तुत वुरी हांदायानी', आज शिक्षण खात्याच्या चिन्हावर आहे. लेकीच्या टोपीवरही. मागे राहून बळ कसं देतात, हे मात्र मी इबूंच्या स्वयंपाकघरात पाहिलं.

त्यांनी तिला काही विचारलं नाही. रोज दुपारी हाक मारायच्या, बुटक्या लाकडी बैठकीवर बसवायच्या आणि छोटे लाल कांदे सोलायला द्यायच्या. डोळ्यांतून पाणी यायला कांदा बरा, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. चौथ्या दिवशी ती बोलली. इथे त्याला 'चुरहात' म्हणतात. 'चुराहान हाती'चं छोटं रूप. हाती म्हणजे यकृत, आणि मनही. आपलं काळीज तसंच की. काळीज ओतणं.

त्या दिवशी इबूही बोलल्या. माझ्याशी नाही, तिच्याशी. 27 मे 2006 च्या पहाटे जोग्जाजवळच्या बांतुलचा भूकंप झाला, त्यात त्यांची धाकटी बहीण गेली. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून भिंती उभ्या केल्या, घर झालं. त्यानंतर कितीतरी महिने त्यांच्या अंगात वारा शिरत राहिला. हे मी दाराआडून ऐकलं. आत जावंसं वाटलं, गेले नाही.

मैत्रिणी हळूहळू बोलू लागल्या, सगळ्या नाहीत. तो तक्ता अजून भिंतीवर आहे.

परवा घरून फोन आला, बाबांची तब्येत बरी नाही म्हणून. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी इबूंच्या दारात जाऊन म्हटलं, "इबू, मासुक आंगिन." त्यांनी काही विचारलं नाही. बुटकी बैठक माझ्याकडे सरकवली, कांद्यांची टोपली पुढ्यात ठेवली आणि नाणं शोधायला आत गेल्या.