बाईंनी मोजायला लावलेले 120 फूट

1988 सालचा 17 डिसेंबर शनिवारी आला होता. सकाळची शाळा, थंडी चांगलीच. आठवीच्या आमच्या वर्गाला विज्ञानाच्या बाईंनी थेट मैदानावर नेलं. लांब उडीची टेप मागवली, फक्कीने एक रेघ मारली आणि 120 फुटांवर दुसरी.

"बरोबर 85 वर्षांपूर्वी ऑर्विल राइट पहिल्या विमानातून इतकाच उडाला," बाई म्हणाल्या. "12 सेकंद. आता तुम्ही पळा."

आम्ही पळालो. मागे राहिलेला मुलगाही 12 सेकंदांच्या आतच पोचला. मग विमान आमच्यापेक्षा हळू? बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, सोमवारपर्यंत विचार करायला लावला. अमेरिकेतल्या किटी हॉकजवळच्या त्या वाळूत समोरून ताशी 20 मैलांहून जास्त वेगाचा वारा सुटला होता. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला विमान रेंगाळताना दिसलं. पंखांवरून मात्र हवा त्याहून किती तरी जोरात वाहत होती, आणि उचल मिळते ती तिच्यामुळे. उत्तर कळल्यावर अंगावर आलेला काटा मला आजही आठवतो.

1903 मधल्या त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात ऑर्विलचा भाऊ विल्बर 59 सेकंदांत 852 फूट गेला. तेवढं मोजायला आमचं मैदान पुरेना. टेप फाटकाबाहेर, एसटी स्टँडच्या रस्त्यावर गेली. रस्त्यावरची माणसं थांबून विचारू लागली, आणि आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत होतो.

बाई त्या भावांच्या हिमतीपेक्षा त्यांच्या मोजमापाबद्दल जास्त बोलायच्या. 1901 मधल्या त्यांच्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, हिशेबाने यायला हवी तेवढी उचल मिळेना. त्यांच्या आधी ग्लायडर उडवणाऱ्या जर्मन लिलिएन्थालबद्दल त्यांना मोठा आदर होता, तरी त्याचे आकडेही त्यांनी पुन्हा तपासायला घेतले. डेटन गावातल्या आपल्या सायकलच्या दुकानात लाकडी पेटीचा वातबोगदा (आतून हवेचा झोत सोडायची पेटी) केला आणि पंखांचे सुमारे 200 छोटे नमुने त्यात तपासले. प्रयोगवहीत उत्तर जुळवण्यासाठी आकडा खोडलेला दिसला, की बाई ही गोष्ट पुन्हा सांगत. मी तेव्हापासून मोजलेला आकडा कधी खोडला नाही.

दहावीनंतर मी आयटीआयला टर्नर झालो. तिथे कळलं चार्ली टेलरचं नाव. हवं तसं हलकं इंजिन कुठला कारखाना देईना, तेव्हा राइट बंधूंच्या दुकानातल्या या मेकॅनिकने ते सहा आठवड्यांत घडवलं. सुमारे 12 अश्वशक्तीचं, क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, ओतीव अॅल्युमिनियमची. क्रँकशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्यासाठी, त्याने जाड पोलादी पाटावर आकार आखला, कडेने भोकं पाडली, छिन्नी-हातोड्याने जादाचं पोलाद काढलं आणि मग तो तुकडा लेथवर चढवला. ज्याने असं काम हाताने केलंय त्याला विचारा, सहा आठवडे म्हणजे काय! विमान उडालं त्या दिवशी टेलर डेटनला दुकान सांभाळत होता. पहिल्या उड्डाणाचं छायाचित्र जगभर छापलं जातं. त्यात तो नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या लेथशेजारी मी त्याचं चित्र लावलं आहे.

बाई आता नाहीत. मैदानाच्या एका बाजूला नवी इमारत उभी राहिली आहे, पण 120 फूट सरळ जागा अजून मिळते. परवाच पाहून आलो. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, येत्या 17 डिसेंबरला आठवीची मुलं तिथे आणावीत. टेप आणि फक्की मी घेऊन येतो.